डिजरीडूवर न तुटणारा दम: डार्विनमधल्या नोंदी

मी मूळचा मिरजेचा, गेली तीन वर्षं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलो. फुंकायच्या वाद्याशी संबंध फक्त वरातीतल्या बँडपुढे नाचण्यापुरता. डिजरीडू म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं लांब नळीसारखं फुंकायचं वाद्य. श्वास न तोडता त्याचा सूर चालू ठेवायचा आणि तो श्वास लयीत बसवायचा, एवढंच शिकायचं ठरवलं होतं. 'दहा मिनिटांत शिका' छापाचे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. मला चार महिने लागले. कुठे अडलो ते लिहून ठेवतोय, पुढच्याचे दोन-तीन आठवडे तरी वाचतील.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

खर्च ६५ डॉलर, सगळे पाण्यात. शहरातल्या एका पर्यटकी दुकानातून ठिपके आणि कांगारू रंगवलेला बांबूचा डिजरीडू घेतला. दोन रात्री एसीच्या खोलीत राहिला आणि तिसऱ्या दिवशी तोंडापासून हातभर चिरला. चिरेवर बोट धरलं की फुंकर बोटाला लागते. इन्सुलेशन टेप गुंडाळून पाहिली. सूर आला, पण जत्रेतली पिपाणी पावसात भिजल्यासारखा.

खरं वाद्य निलगिरीच्या जातीच्या झाडाचं, वाळवीने आतून पोखरलेल्या खोडाचं. डार्विनच्या पूर्वेला आर्नहेम लँड हा प्रदेश आहे. त्याच्या ईशान्य भागातले मूळ रहिवासी, योल्ङू लोक, त्याला यिडाकी म्हणतात, पश्चिमेकडे त्याला मागो म्हणतात. बाहेरून बनवून आणलेला माल अबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांची, कला म्हणून खपवणं हे इथलं जुनं दुखणं आहे. २०१९ मध्ये अशाच एका घाऊक विक्रेत्याला फेडरल कोर्टाने २३ लाख डॉलर दंड केला. हे सगळं मी चीर पडल्यावर वाचलं. दुकानात नळीच्या आत डोकावलो असतो तर कुठे बनलंय याचं लेबल तिथेच दिसलं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्लंबिंगचा ४० मिमी पीव्हीसी पाइप, ३ मीटर: १७ डॉलर. मधमाशांचं मेण, २०० ग्रॅम: १४ डॉलर. हॅक्सॉ घरातली.

पाइपचे दोन तुकडे केले, १७० आणि १३० सेंटीमीटरचे. तोंडाला मेणाची कड हवी, नाहीतर पाइपची धार ओठाला लागते आणि बाजूने वारा निसटतो. इथे घाई केली. मेण कढईत पातळ केलं, 'नीट चिकटावं' म्हणून पाइपचं टोक गॅसवर धरलं आणि वरून मेण ओतलं. टोक क्षणात लंबगोल झालं, मेण आत ओघळलं, कढई बायकोच्या आवडीची निघाली. घरभर प्लॅस्टिकचा वास, तो वेगळाच.

दुरुस्ती: वाकडं टोक ५ सेंमी कापून टाकलं. मेण कोमट पाण्यात मळलं, करंगळीएवढी वळी केली आणि कोरड्या कडेवर दाबत फिरवली. मधे साधारण ३ सेंमीचं भोक राहिलं. पाच मिनिटांचं काम. पाइप किंवा हात ओला असेल तर मेण धरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

अपघाताचा एक फायदा झाला. १२५ सेंमीच्या तुकड्याचा सूर जवळपास काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आला. माझा तबलाही काळी एकचाच.

१२ ऑक्टोबर, दसरा

वाद्यपूजेला तबला-डग्ग्याशेजारी पाइप ठेवला. "गटाराच्या पाइपला हळदकुंकू?" असं बायकोने विचारलं. नवा आहे, अजून गटार पाहिलेलं नाही, म्हटलं. तिने फूल मात्र तबल्यालाच वाहिलं.

पहिले तीन दिवस सूर निघतच नव्हता, नुसती तुतारी. ओठ आवळून जोरात फुंकलं की पाइप मूळ सुराऐवजी पार वरचा सूर देतो. ओठ सैल हवेत, घोडा फुरफुरतो तितके सैल. फुंकर इतकी हलकी की आधी आपल्यालाच विश्वास बसत नाही. आज पहिल्यांदा खर्ज लागला आणि छातीच्या पिंजऱ्यात जाणवला. ९ सेकंद.

२० ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर फक्त खर्ज. रोज वीस मिनिटं. त्याहून जास्त केलं की ओठ बधिर होतात आणि दुसरा दिवस फुकट जातो. ९ सेकंदांचे २४ झाले. फुप्फुसं वाढलेली नाहीत, फक्त वाया जाणारा वारा थांबला. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून वारा सुटत होता, ते ओल्या बोटाने तपासल्यावर कळलं. आता पाइप किंचित उजवीकडे धरतो.

१७० सेंमीचा तुकडा बाजूला टाकला. आवाज खोल आहे, पण ओठ तितके सावकाश हलायला तयार नाहीत. खोल आवाजाच्या हौसेपायी चार दिवस त्यावर घालवले. नवशिक्याने १२० ते १३० च्या पलीकडे जाऊ नये.

आणि हो, पाइप गाडीत ठेवू नका. इथे पावसाळ्याच्या आधीचे दिवस म्हणजे दुपारी गाडीची भट्टी. मेणाची कड मागच्या सीटवर पसरली होती. ती खरवडण्यात रविवारची दुपार गेली.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आता मुख्य काम. फुप्फुसातला वारा थांबवायचा, गालात साठवलेल्या वाऱ्यावर सूर चालू ठेवायचा, आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा. कागदावर एका ओळीचं काम. प्रत्यक्षात डोकं म्हणतं, तोंडाने सोडतोयस तर नाकाने घेऊ नकोस.

पाण्याचा सराव: तोंडभर पाणी घ्या, बेसिनवर वाका, ओठांच्या फटीतून बारीक धार सोडत राहा आणि धार चालू असताना नाकाने श्वास घ्या आणि सोडा. पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं. दुसऱ्या दिवशी ठसका. तिसऱ्या दिवशी दर श्वासाला धार थांबत होती. सहाव्या दिवशी धार चालू राहिली आणि मी आरशात स्वतःकडे बघत राहिलो. तिथे कळतं की जिभेची मागची बाजू टाळूला टेकली की तोंड ही वेगळी खोली होते आणि नाक-फुप्फुस ही वेगळी. दोन्हीकडे एकाच वेळी वेगळं काम चालू शकतं.

ग्लासात स्ट्रॉने बुडबुडे काढायचा सरावही केला. तो मला पाण्याच्या धारेइतका उपयोगी वाटला नाही, कारण स्ट्रॉतून वारा इतका कमी जातो की फसवं यश मिळतं. याचा फटका पुढे बसला.

चकल्या तळत असताना बेसिन अडवून धरल्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

गावाकडच्या सनईवाल्या काकांना फोन लावला. इथे रात्रीचे आठ, तिकडे दुपारचे चार, म्हणजे त्यांची झोप झालेली. आयुष्यभर लग्नांत आणि देवळांत वाजवलं, तरुणपणी नुसता सूर धरून बसायचं काम केलं. मुख्य सनईवाला राग वाजवतो आणि दुसरा मागे एकच सूर तासभर न तोडता देतो, ते काम.

"काका, मधे श्वास घेतला की सूर तुटतोय."

"आरं, तू गाल रिकामं झाल्यावर श्वास घेतोयस. गालात घोटभर वारा कायम शिल्लक ठेवायचा. घोट संपायच्या आत नाकानं भरायचं. तहान लागल्यावर विहीर खणतोस व्हय?"

मग पाइपवर वाजवून दाखवलं. बराच वेळ हसले. म्हणाले, रेडा बरा वाजतोय.

शिल्लक ठेवायचं हे सोन्यासारखं निघालं. पण सनईची सगळी पद्धत इथे चालत नाही, हे पुढचे दोन आठवडे डोकं आपटल्यावर कळलं. सनईच्या पत्तीतून वारा जोराने पण थोडा जातो. पाइपातून दाब कमी आणि वारा भसाभस. सनईवाला गालातल्या वाऱ्यावर आरामात श्वास घेऊ शकतो. माझे गाल अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतात. स्ट्रॉने फसवलं ते इथेच. पाइपवर श्वास म्हणजे नाकाने मारलेला चहाचा भुरका, त्याहून लांब नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

जुळलं! खर्ज, भुरका, पुन्हा खर्ज, मधे शांतता नाही. मात्र दर श्वासाला एक गचका बसतो, खड्ड्यातून एसटी गेल्यासारखा. सलग चार श्वास झाले, ३१ सेकंद.

तीन दिवस गचका घालवण्याच्या मागे लागलो आणि तो वाढतच गेला. गाल जास्त फुगवले तर ओठ ताणले जाऊन तुतारी लागते, कमी फुगवले तर सूर बसतो. शेवटी नुसत्या गालांवर अवलंबून राहणं सोडलं. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागून पुढे सरकवायची आणि जबडा वर घ्यायचा. वारा तेवढाच, पण धक्का सारखा लागतो. गचका निम्म्यावर आला.

बायकोचं गणित वेगळं आहे. तिला माझं घोरणं थांबायला हवंय. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी छापून आली होती. झोपेत श्वास अडकणारे, घोरणारे २५ जण, चार महिने, आठवड्यातले जवळपास सहा दिवस रोज साधारण २५ मिनिटं डिजरीडू वाजवला तर फरक पडतो का, अशी. दिवसाची पेंग कमी झाली असं निघालं, आणि २०१७ मध्ये त्याला शांततेचं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. शांततेचं का, हे आमच्या शेजाऱ्याला विचारायला हवं.

१ डिसेंबर, रविवार

आज घाबरलो. दीड मिनिटाच्या जवळ गेलो आणि गुदमरायला लागलं. गंमत अशी की छाती भरलेली होती. भरलेल्या छातीने गुदमरतोय, हे काही केल्या समजेना. पाइप टाकून खाली बसलो, डोळ्यांपुढे काजवे.

कारण साधं आहे. दर भुरक्याला मी खर्चापेक्षा जास्त वारा आत घेत होतो. दहा-बारा श्वासांत फुप्फुसं शिळ्या वाऱ्याने गच्च भरली, नव्याला जागाच नाही. संपेल या भीतीने माणूस साठेबाजी करतो.

उपाय दोन. एक, भुरका छोटा. दोन, अधूनमधून पोटातून जोराचा 'हूं' देऊन साठा फेकायचा. कानाला तो ठसका वाटतो, लयीत चांगलाच बसतो. चक्कर आली तर सरळ थांबा. आणि सराव बसून करा, उभं राहून नको. मी उभा असतो तर पाइपने समोरचे दात गेले असते.

८ डिसेंबर, रविवार

तबलेवाल्याच्या डोक्यात आलेली कल्पना: श्वास कुठेही घ्यायचा नाही, ठरलेल्या मात्रेवरच घ्यायचा. केरवा तालाच्या आठ मात्रा, पाचवीवर खाली, म्हणजे तालातली हलकी जागा. खालीवर भरायचं! इतकं सुंदर जुळलं की दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो.

१५ डिसेंबर, रविवार

कल्पना सुंदर, काम शून्य. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे आठ सेकंद. तेवढ्यात इतका वारा जातो की पाचव्या मात्रेवर छोटा भुरका पुरत नाही, मोठा घ्यावा लागतो. मोठा घेतला की गचका. लय १२० केली तर श्वासाचं जमतं, पण जीभ गोंधळते. शिवाय 'खाली' ही हलकी जागा, आणि माझ्या श्वासाचा धक्का ही तर या वाद्यातली सगळ्यात वजनदार जागा. उलटंच बसवत होतो. एक आठवडा गेला.

आता दर चार मात्रांना एक भुरका, मिनिटाला ९० मात्रा. म्हणजे दर पावणेतीन सेकंदांना घोटभर. बोल असे धरलेत: ता वू ता वूक्. 'ता'ला जीभ, 'वू'ला जबडा किंचित खाली येऊन गालात वारा साठतो, 'क्'ला जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, जीभ पुढे दट्ट्या मारते आणि त्याच क्षणी नाक भुरकतं. गचका आता लपवायचा नाही, तोच ठोका. असं लयीत ४० सेकंद जमलं. मग तोच 'क्' चुकतो, कधी लवकर, कधी उशिरा.

२८ डिसेंबर, शनिवार

दहा दिवस ४० सेकंदांवर अडकलो होतो. आज आडवाटेने सुटलं.

शहरातल्या एका कलादालनात यिडाकी बघायला गेलो. एक योल्ङू गृहस्थ विक्रीला आलेली वाद्यं वाजवून तपासत होते. मी पाइपची कहाणी सांगितली. हसले नाहीत, हे काकांच्या मानाने बरंच. हातात वाद्य न घेता त्यांनी लय आधी तोंडाने म्हणून दाखवली, जशी आपण तबल्याचे बोल म्हणतो तशी. मग तीच वाजवली. मी पुन्हा म्हणायची विनंती केली आणि या वेळी तोंडाकडे नाही, नाकाकडे पाहिलं. म्हणतानाही त्यांचा श्वास त्याच जागी होता, जिथे वाजवताना होता. श्वास बोलाचाच भाग.

आणि मी काय करत होतो? पढंत करताना, म्हणजे बोल नुसते तोंडाने म्हणताना, दम संपेल तिथे श्वास घेत होतो, आणि पाइप तोंडाला लावल्यावर 'क्'वर घ्यायचा आठवत होतो. दोन वेगळ्या गोष्टी पाठ करत होतो.

त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. यिडाकी एकटी वाजत नाही. मनिकाय, म्हणजे त्यांची गाणी, आणि बिल्मा, म्हणजे लाकडी टिपऱ्या, यांच्या सोबत वाजते, आणि त्या गाण्यांच्या लयी ज्याच्या त्याच्या कुळाच्या असतात. त्या उचलू नकोस, तुझं तुझं वाजव. मला पटलं. माझे बोल माझे आहेत आणि तसे ओबडधोबडही आहेत.

५ जानेवारी २०२५, रविवार

आठवडाभर पाइपला हात लावला नाही. फक्त पढंत, नाकाच्या भुरक्यासकट: ता वू ता वूक्. कामावर चालत जाताना, पावलागणिक एक मात्रा. सिग्नलला उभ्या असलेल्या एका बाईंनी बरं वाटतंय का म्हणून विचारलं. बाहेर पाऊस धो धो, छत्रीखाली मी हुंगतोय.

आज पाइप घेतला. पहिल्याच बैठकीत १ मिनिट ५० सेकंद. थांबलो ते दारावरची बेल वाजली म्हणून.

इतकं करूनही वरचा सूर, तुतारी, मधे ठोका म्हणून मारता येत नाही. मारला की पुढचा श्वास हुकतो. ईशान्येकडच्या वादनात तो ठिकठिकाणी येतो. पश्चिमेकडच्या मागोत फारसा वापरत नाहीत. मी सध्या भौगोलिक कारण देऊन पश्चिमेकडे सरकलोय.

१८ जानेवारी, शनिवार

त्याच कलादालनातून स्ट्रिंगीबार्कच्या (निलगिरीच्या एका जातीच्या) लाकडाची यिडाकी घेतली. ४२० डॉलर. सोबत बनवणाऱ्याचं नाव आणि कूळ लिहिलेला कागद. आत्तापर्यंतचा एकूण खर्च ५१६ डॉलर, त्यातले बांबूचे ६५ मूर्खपणाचे. कढई धरलेली नाही. ती नवीन आणून दिली आणि आकडा घरात सांगितला नाही.

मला वाटलं होतं लाकडावर पुन्हा पहिल्यापासून. अर्धं खरं निघालं. तोंडाचा आकार वेडावाकडा, ओठांची जागा शोधण्यात चार दिवस गेले. पण श्वास पाइपपेक्षा सोपा! आतल्या वेड्यावाकड्या पोकळीमुळे वाद्य वाऱ्याला उलटं रेटतं, गालातला घोट जास्त वेळ पुरतो. पीव्हीसीवर शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून स्वतःला थोडं कमी दोषी धरावं.

शेजाऱ्याची चिठ्ठी आली. रात्री नऊनंतर नको, एवढंच. रास्त आहे. भिंतीला लागलेलं टोक आता दुमडलेल्या रजईवर टेकवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

३ मिनिटं १० सेकंद, लय ९०, सूर न तुटता. घोरण्याबद्दल बायको म्हणते की कमी झालंय, पण गेला महिनाभर ती कानात बोळे घालून झोपते, तेव्हा पुरावा कच्चा.

रेकॉर्डिंग काकांना पाठवलं. तासाभराने त्यांचाच फोन.

"ऐकलं. सुरुवातीचे तीन श्वास ऐकू आले. नंतरचे नाय आले."

पुन्हा ऐकलं. बरोबर. पहिल्या आठ सेकंदांत तीन गचके, मग सपाट.

"छाती गच्च भरून सुरू करतोयस. भरल्या घागरीत आणि कुठं ओततोस? अर्ध्या दमावर सुरू कर."

चार महिने दरवेळी मी पाण्यात बुडी मारण्याआधी घेतात तसा श्वास घेऊन सुरू करत होतो. उद्या संध्याकाळी अर्ध्या दमावर, लय तीच. आज नऊ वाजून गेलेत.